मदत हवी आहे: 'सँक्शन' म्हणजे मंजुरी की कारवाई?

मंडळी, 'सँक्शन' या शब्दाने डोकं पार फिरवलंय. कर्ज सँक्शन झालं, रजा सँक्शन झाली, इथवर सरळ आहे. पण बातम्यांत एखाद्या देशावर 'सँक्शन्स' लादतात तेव्हा अर्थ थेट निर्बंध! संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १९६६ मध्ये दक्षिण ऱ्होडेशियावर (आजचा झिंबाब्वे) घातले, ते हेच.

मुळाशी लॅटिन आहे. 'सेंट' (संत) आणि 'सँक्च्युअरी' (अभयारण्य) याच घराण्यातले. आधी कायद्याने एखादी गोष्ट पक्की करायची, मग ती मोडणाऱ्याला दंड. दोन अर्थ असे फुटले, हे पटलं.

घोडं अडतंय ते वापरात. नाम अनेकवचनी दिसलं की बहुधा निर्बंध, असा आडाखा मी बांधलाय. क्रियापदाचं काय करायचं? 'द कमिटी सँक्शन्ड द प्लॅन' यात शंका नाही, योजनेला शिक्षा कोण करणार? पण 'द कमिटी सँक्शन्ड द प्लेयर' म्हणजे खेळाडूवर कारवाई. म्हणजे कर्म कृती असेल तर मंजुरी आणि माणूस किंवा संस्था असेल तर कारवाई, हा नियम चालेल का? की याला अपवाद आहेत? 'सँक्शन्ड ट्रेड' कसं वाचायचं? परवानगी असलेला व्यापार की निर्बंधांखालचा?

भाषांतर किंवा कायद्याचं काम करणारे कुणी असतील तर दोन-तीन वाक्यं उदाहरणादाखल द्या. आणि औपचारिक पत्रात हा शब्द टाळून सरळ 'अप्रूव्ह' किंवा 'पीनलाइज' लिहावं का, तेही सांगा.