एकट्या राहणाऱ्या आजींच्या केसमध्ये घरचं माणूस कुणाला धरायचं?

प्रश्न (होमकेअर सिस्टर)
मी होम व्हिजिट करते, एका आजींकडे आठवड्यातून दोनदा जाते, वय 81, बीपी शुगर दोन्ही, एकट्याच असतात. मुलगा मुलगी लांब, दोघंही मला वेगवेगळा फोन करतात, मुलगा म्हणतो आईला आता एकटं ठेवायचं नाही, मुलगी म्हणते तिला घरातून हलवायचं नाही, आणि आजी म्हणतात मी ठणठणीत आहे, पोरांना काही कळवू नकोस. परवा गोळ्यांचा डबा बघितला तर तीन दिवसांचे खण भरलेलेच. कळवू की नको? घरात घरचंच कुणी नाही तर फॅमिली नर्सिंग, म्हणजे पेशंटबरोबर घरच्यांनाही धरून करायची शुश्रूषा, करायची कशी?

वॉर्डातली जुनी सिस्टर
आधी डब्याचं बघा ताई. गोळ्या राहिल्या म्हणजे विसरल्याच असं धरू नका, माझ्या एका आजोबांनी बीपीची गोळी मुद्दाम सोडलेली, उठलं की गरगरायचं म्हणून. आडवं असताना बीपी घ्या, मग उभं करून 1 आणि 3 मिनिटांनी, वरचं 20 ने किंवा खालचं 10 ने उतरलं तर डॉक्टरांना लगेच सांगा. आणि घरचं माणूस कोण हे आपण ठरवायचं नसतं, आजींनाच विचारा. कागदावर मधे आजी, भोवती त्या सांगतील ती माणसं, घट्ट नात्याला जाड रेघ, ताणाच्या नात्याला वाकडीतिकडी. यालाच इकोमॅप म्हणतात, दहा मिनिटांचं काम आहे.

कम्युनिटी नर्सिंग शिकवते
मुलांना वेगवेगळं उत्तर देत बसू नका, तुम्ही मधल्यामधे अडकाल. आजींना विचारून, त्यांच्यासमोरच स्पीकरवर दोघांना एकत्र घ्या. कॅलगरी मॉडेल ही नर्सने पेशंटचं कुटुंब समजून घ्यायची पद्धत, ती मांडणाऱ्या राइट आणि लेही यांची 15 मिनिटांच्या मुलाखतीची पद्धत इथे फार उपयोगी पडते. मुलाला विचारा, बहिणीला सगळ्यात जास्त कसली भीती वाटते असं तुला वाटतं? मग तिला त्याच्याबद्दल विचारा. भांडण बरंचसं तिथेच निवळतं. आणि दोघं जे नीट करतायत ते आधी तोंडाने बोलून दाखवा, हे आपण नेहमी विसरतो.

लांब राहणारी लेक
मी दुसऱ्या बाजूची. आईची सिस्टर मला फोन करायची तो आई पडली की मगच, त्यामुळे नंबर दिसला तरी पोटात गोळा यायचा. एकदा तिने नुसतं कळवलं, आज आईंनी स्वतः वेणी घातली. त्या दिवशी मी ऑफिसात रडले. असंही कळवत जा प्लीज.

होमकेअर सिस्टर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आले. उभं राहून बीपी उतरलं नाही. शेवटी म्हटलं आजी, माझ्यासमोर डबा उघडून दाखवा, तर आखडलेल्या बोटांना झाकण उघडेचना, तीनदा प्रयत्न केला आणि मग डबा पदराखाली सरकवला. पोरांना हेच कळू द्यायचं नव्हतं. मग कागद काढला, पहिलं नाव मुलाचं ना मुलीचं, खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंचं. त्या रोज सकाळी येतातच म्हणे. आजी हो म्हणाल्यात, उद्या त्यांनाही बोलावलंय, आणि फोन रविवारी, दोघांना एकत्र.