गटारी, हळद, थर्टी फर्स्ट... न पिता कसे काढता? अनुभव लिहा

माळ्यावरचा:
सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर 'गटारीला कोण कोण बसणार' आलं आणि एकदम 2017 ची मामेभावाची हळद आठवली. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून येऊन दीड महिना झालेला. मांडवामागे टेम्पोत सगळे बसलेले, काका म्हणाले एकच घे रे, पोराची हळद आहे, आणि ग्लास हातात दिलाच. गार, बाहेरून ओला, बोटांना अजून आठवतो. बायको लांबून बघत होती, बोलली काहीच नाही. मी ग्लास फळीवर ठेवला आणि थेट आचाऱ्याकडे जाऊन वांगी चिरायला बसलो, रात्री 2 पर्यंत. तुमचं कसं?

कोकमसोडा:
मी पंगतीत वाढायला उभा राहतो. हातात बादली असली की ग्लास कोणी देत नाही. मुक्तांगण येरवड्याचंच ना?

माळ्यावरचा:
हो, अनिल आणि अनिता अवचटांनी 1986 ला सुरू केलेलं.

सातारी:
धुळवड सगळ्यात अवघड, रस्सा आणि बाटली जोडीनंच येतात. मी घरून पोटभर जेवून जातो, उपाशीपोटी तलफ जास्त, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगमधे सांगतात ना भूक राग एकटेपणा थकवा सांभाळा, अगदी खरंय. आणि स्वतःची गाडी न्यायची, नको वाटलं की निघायचं.

पावसाळी:
प्लीज हे वाचा. वहिनीने भावाला न सांगता चहातून दारू सोडायची गोळी दिली, थर्टी फर्स्टला तो प्यायला, तोंड लालबुंद, छातीत धडधड, बीपी खाली, आयसीयू. डॉक्टर म्हणाले ही गोळी, डायसल्फिरम, पेशंटला न सांगता द्यायचीच नाही, बंद केल्यावरही 2 आठवड्यांपर्यंत धोका असतो.

माळ्यावरचा:
बापरे. आता बरा आहे ना?

पावसाळी:
हो, एएला (अल्कोहोलिक्स अनॉनिमस) जातो, 3 वर्षं झाली 🙏

दिवेवाली:
अहो गटारी म्हणजे मूळची दीप अमावास्या. आमच्याकडे समया चिंच लावून घासायचं काम ह्यांचं, दिवसभर घासत बसतात, कणकेचे दिवे पण तेच उकडतात. यंदा 5 वं वर्ष.

कोकमसोडा:
ताई माझे दिवे चिरतात, काय चुकतं?

दिवेवाली:
गुळाच्या पाण्यात घट्ट भिजवा, थोडं तेल घाला. कुकर झाला, येते नंतर.

अकरावा_दिवस:
नावातच आहे. रविवारी मित्राकडे बोलावलंय, त्याला माहीत नाही. काय सांगू?

सातारी:
डॉक्टरनी गोळ्या दिल्यात सांग, कोणी आग्रह करत नाही.

माळ्यावरचा:
मी तर म्हणतो जाऊच नको. मी दीड महिन्यात गेलो ते फार लवकर होतं, त्या रात्री थोडक्यात वाचलो. व्यनित (खाजगी मेसेजमधे) नंबर पाठव, रविवारी संध्याकाळी 7 ला फोन करतो. उचल.