मदत हवी आहे : जात, काम, भाषा आणि लैंगिकता एकत्र कशी नोंदवावी?

नमस्कार. सोलापुरातील समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींना उपचार मिळताना येणाऱ्या विषमतेवर मी पदव्युत्तर प्रबंध लिहीत असून, प्रश्नावलीपाशीच अडकले आहे.

जात, उत्पन्न, मातृभाषा आणि लैंगिकता यांचे रकाने मी वेगवेगळे आखले होते. पूर्व भागातील एका तेलुगूभाषक विडी कामगार बाईंशी बोलल्यावर ते कुचकामी वाटू लागले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मांडीवरच्या सुपातली पाने वळत त्या म्हणाल्या, "खोकल्यासाठी दवाखान्यात गेलं तर दिवसाची मजुरी बुडते, आणि मैत्रिणीला सोबत नेलं तर ही कोण, नवरा कुठंय, हे आधी विचारतात." हे उत्तर गरिबीच्या रकान्यात घालावे की लैंगिकतेच्या?

कृष्णवर्णीय स्त्रियांची कोंडी वंशभेद आणि लिंगभेद वेगवेगळे पाहून कळत नाही, हे अमेरिकी कायदेतज्ज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये मांडले. मानसशास्त्रज्ञ लिसा बोलेग यांनी २००८ मध्ये हाच मुद्दा संशोधनपद्धतीला लावला : प्रश्न बेरजेचा असेल, म्हणजे प्रत्येक ओळख सुटी धरून विचारलेला असेल, तर उत्तरही बेरजेचेच येते. माझी चूक नेमकी हीच आहे. आपल्याकडची आकडेवारीही फारशी मदत करीत नाही. एड्स नियंत्रण कार्यक्रमामुळे पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांची आणि तृतीयपंथीयांची निदान दखल तरी घेतली गेली. स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रिया त्या वर्गवारीत बसतच नाहीत. २०११ च्या जनगणनेत 'इतर' या लिंगनोंदीखाली ४,८७,८०३ व्यक्ती होत्या, पण लैंगिक कल कोणालाच विचारलेला नव्हता.

माझ्याकडे जेमतेम चाळीस जण बोलायला तयार आहेत. त्यांची जात, भाषा आणि कामानुसार विभागणी केली, तर प्रत्येक गटात दोन-तीनच उरतात. अशा वेळी संख्यात्मक विश्लेषण सोडून केवळ सखोल मुलाखती घ्याव्यात का? शिवाय "विवाहित, तेलुगूभाषक, विडी कामगार" एवढे छापले तरी गल्लीत नाव कळायला वेळ लागणार नाही. मार्गदर्शक जातीचा प्रश्नच गाळायला सांगतात. त्याने ओळख झाकली जाईल, पण ज्या विषमतेसाठी हा खटाटोप, तीही झाकली जाईल, असे मला वाटते. दुभाषी वस्तीतला घ्यावा तर गुपित फुटते, बाहेरचा घ्यावा तर बोलणे आखडते.

असे काम केलेल्यांनी कृपया सांगावे, विशेषतः संमतीबाबत. त्या बाईंनी कागदावर सही करायला साफ नकार दिला, पण सोमवारी दुपारी विड्या कारखान्यात देऊन आल्यावर पुन्हा ये, असेही सांगितले आहे.