"कॉन्फ्लिक्ट" म्हणजे दर वेळी "संघर्ष"च का?

पानोपान

एका प्रशिक्षण-पुस्तिकेचा मराठी अनुवाद चालू आहे. मूळ इंग्रजीत हा शब्द पाच वेगवेगळ्या रूपांत येतो: आर्म्ड कॉन्फ्लिक्ट, कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट, शेड्यूलिंग कॉन्फ्लिक्ट, कॉन्फ्लिक्टिंग रिपोर्ट्स आणि एका ठिकाणी "शी फेल्ट कॉन्फ्लिक्टेड". शब्दकोशात पहिला अर्थ "संघर्ष" असा मिळतो, पण "वेळापत्रकाचा संघर्ष" वाचवत नाही. एकच शब्द सगळीकडे ठेवायचा की जागेप्रमाणे बदलायचा? शिवाय क्रियापद म्हणून वापरताना पुढे "विथ" लागतंच का आणि उच्चार बदलतो का, हेही कुणी सांगावं.

शब्दवेल्हाळ

बदलायचा, आणि बिनधास्त बदलायचा. आधी एवढंच विचारा की एकमेकांवर आपटतंय काय: माणसं, सैन्यं, हितं, विधानं की वेळा? मराठी शब्द त्यावरून ठरतो.

दोन्ही शब्दांची मुळं पाहिली की घोळ कुठे होतो ते दिसतं. इंग्रजी शब्द लॅटिन "कॉन्फ्लिगेरे"वरून आला. "कॉन्" म्हणजे एकत्र आणि "फ्लिगेरे" म्हणजे आघात करणं. "इन्फ्लिक्ट" आणि "अफ्लिक्ट" ही त्याच मुळाची भावंडं. आपला "संघर्ष" मात्र "घृष्" धातूचा, म्हणजे घासणं. "घर्षण" त्यातूनच आलं. आजच्या मराठीत संघर्षाला चिकाटीने झुंजण्याची छटा आहे. "गरिबीशी संघर्ष", "जगण्याचा संघर्ष" असं आपण म्हणतो, आणि ते इंग्रजीत "स्ट्रगल" होतं. कॉन्फ्लिक्टला दोन बाजू लागतात, स्ट्रगलला एक माणूस आणि एक अडचण पुरते. त्यामुळे चूक उलट्या दिशेनेही होते: "त्याने आयुष्यभर संघर्ष केला" याचं इंग्रजी करताना कॉन्फ्लिक्ट लिहिलं, तर तो माणूस जन्मभर भांडत राहिला असं वाटतं.

तुमच्या यादीपैकी:

कॉन्फ्लिक्टिंग रिपोर्ट्स म्हणजे परस्परविरोधी बातम्या. पुस्तिकेत रिपोर्ट म्हणजे अहवाल असेल तर परस्परविरोधी अहवाल. "विसंगत" थोडा सौम्य आहे. एका अहवालात दहा आणि दुसऱ्यात बारा असेल तर विसंगत, एक "हो" म्हणतो आणि दुसरा "नाही" तर परस्परविरोधी.

शेड्यूलिंग कॉन्फ्लिक्टला नाम शोधूच नका, वाक्य फिरवा: "दोन्ही बैठका एकाच वेळी येतात", "तारखा एकमेकींच्या आड येतात". "आय हॅव अ कॉन्फ्लिक्ट ॲट थ्री" याचं सरळ मराठी "तीन वाजता माझं दुसरं काम ठरलेलं आहे".

"शी फेल्ट कॉन्फ्लिक्टेड" म्हणजे तिचं मन द्विधा झालं. इथे भांडण कुणाशीच नाही, दोन्ही ओढी तिच्याच मनातल्या आहेत. "अंतर्द्वंद्व" कथा-कादंबरीत शोभेल, पुस्तिकेत नको.

विरामचिन्ह

व्याकरणाचं मी सांगते.

नामात जोर पहिल्या अक्षरावर: कॉन्फ्लिक्ट, "ऑ" स्पष्ट. क्रियापदात जोर दुसऱ्यावर जातो आणि पहिला स्वर विरून "कन्" होतो: कन्फ्लिक्ट. "रेकॉर्ड" आणि "परमिट" यांचंही असंच होतं. "कॉन्फ्लिक्टिंग" आणि "कॉन्फ्लिक्टेड" क्रियापदाच्या वळणाने जातात. मराठी बोलणारे बहुधा तिन्ही जागी पहिल्या अक्षरावर जोर देतात, म्हणून हे मुद्दाम लक्षात ठेवावं लागतं.

क्रियापद अकर्मक आहे. "हिज स्टेटमेंट कॉन्फ्लिक्ट्स विथ द रेकॉर्ड" बरोबर. "विथ" गाळून थेट कर्म जोडलं की चूक. दोन्ही गोष्टी कर्त्यातच आल्या असतील तर "विथ" लागत नाही: "द टू डेट्स कॉन्फ्लिक्ट". कर्म नाही म्हणून कर्मणी प्रयोगही होत नाही, "वॉज कॉन्फ्लिक्टेड बाय" लिहू नका.

आणखी एक, हे चांगल्या इंग्रजीतही चुकतं. क्रियापदाचा कर्ता सहसा विधान, नियम, तारीख, मत अशी गोष्ट असते. दोन माणसं भांडली असतील तर "दे कॉन्फ्लिक्टेड" कानाला खटकतं. तिथे "दे क्लॅश्ड" किंवा "केम इंटू कॉन्फ्लिक्ट" म्हणतात.

नामापुढची शब्दयोगी अव्ययं: दोन पक्षांसाठी "बिट्वीन", समोरच्या पक्षासाठी "विथ", कारणासाठी "ओव्हर". पाण्यावरून वाद असेल तर "कॉन्फ्लिक्ट ओव्हर वॉटर".

कलम_तीन

आर्म्ड कॉन्फ्लिक्टला "सशस्त्र संघर्ष" हाच शब्द ठेवा, "युद्ध" करू नका. हा कायद्याचा शब्द आहे. १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांत (युद्धातले जखमी, कैदी आणि नागरिक यांना कसं वागवायचं याचे आंतरराष्ट्रीय नियम) कलम २ समान आहे, आणि ते म्हणतं की करार घोषित युद्धाला तर लागू होतीलच, पण इतर कोणत्याही सशस्त्र संघर्षालाही होतील, एका पक्षाने युद्धस्थिती मान्य केली नसली तरी. युद्ध जाहीरच केलं नाही म्हणून नियम लागू नाहीत, ही पळवाट त्याने बंद झाली. समान कलम ३ आंतरराष्ट्रीय स्वरूप नसलेल्या संघर्षांसाठी आहे. १९७७ च्या दोन पूरक प्रोटोकॉलमध्येही हाच भेद आहे: पहिला आंतरराष्ट्रीय संघर्षांचा, दुसरा तसं स्वरूप नसलेल्यांचा.

आकडेवारीच्या तक्त्यात तर जास्तच जपा. स्वीडनमधला उप्साला कॉन्फ्लिक्ट डेटा प्रोग्राम एका वर्षात लढाईशी संबंधित किमान २५ मृत्यू झाले तर सशस्त्र संघर्ष मोजतो (एक पक्ष सरकार असावं लागतं) आणि १,००० पासून पुढे युद्ध. दोन्हींना "युद्ध" लिहिलं की तक्ताच चुकला.

कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्टसाठी "हितसंघर्ष" सुटसुटीत आहे.

शब्दवेल्हाळ

@कलम_तीन, "हितसंघर्ष"बद्दल थोडं अडतं. पहिल्यांदा वाचणाऱ्याला तो दोन गटांच्या हितांमधला झगडा वाटतो. इथे दोन्ही हितं एकाच माणसाची आहेत: निविदा मंजूर करणारा अधिकारी तो, आणि निविदा भरणारा त्याचाच भाऊ. त्याने गैर काही केलेलं नसतानाही ही स्थिती असते, कारण मुद्दा निर्णयावर प्रभाव पडू शकण्याचा आहे. म्हणून पहिल्या उल्लेखाला "कर्तव्य आणि खासगी हित यांतला विरोध" असं उलगडून लिहा, पुढे "हितसंघर्ष" चालेल.

कलम_तीन

मान्य, पहिल्या उल्लेखाला उलगडाच. त्याच पुस्तिकेत "कॉन्फ्लिक्ट ऑफ लॉज" आलं तर मात्र फसू नका. कायदे एकमेकांशी भांडत असल्याचं ते वर्णन नाही. प्रकरणाचा संबंध एकाहून अधिक देशांशी किंवा प्रांतांशी येतो तेव्हा कुठला कायदा लावायचा आणि कुठल्या न्यायालयाने ऐकायचं, हे ठरवणारी ती कायद्याची शाखा आहे. "खासगी आंतरराष्ट्रीय कायदा" हे तिचंच दुसरं नाव.

पानोपान

खूप मदत झाली. शेवटचं एक: एका प्रकरणाचं नाव "कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन" आहे आणि पुढच्याचं "कॉन्फ्लिक्ट मॅनेजमेंट". दोन्हीकडे "तंटानिवारण" चालेल?

विरामचिन्ह

नाही. रिझोल्यूशनमध्ये वादाचं कारणच दूर करून तो मिटवायचा असतो. "वाद मिटवणे" किंवा "तंटानिवारण" बरोबर. मॅनेजमेंटमध्ये वाद राहणार हे धरून तो चिघळू द्यायचा नसतो, म्हणून "वाद हाताळणे". कार्यालयातल्या मतभेदांवरचं प्रकरण असेल तर "तंटा" जडच होतो, दोन्ही शीर्षकांत "मतभेद" घ्या: "मतभेद मिटवताना" आणि "मतभेद हाताळताना".