मोठ्या वेबसाइट कंपन्यांकडून नेटवाल्यांनी वेगळे पैसे घ्यावेत का? माझं मत : नाही, आणि सरकारने तसा नियमच करावा

बावनदी (धागा सुरू करणारा)

टेलिकॉम कंपन्यांची संघटना सीओएआय गेली काही वर्षं सरकारकडे एक मागणी लावून धरून आहे. व्हिडिओ, मेसेजिंग आणि सोशल मीडियाच्या ज्या मोजक्या बड्या कंपन्यांचा डेटा सर्वात जास्त वाहतो, त्यांनी नेटवर्कच्या खर्चात ‘वाजवी वाटा’ उचलावा, आणि सरकारने तो उचलायला लावावा. जुलै २०२३ मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिकॉमच्या सरकारी नियामकाने, ओटीटी (नेटवरून चालणाऱ्या मेसेजिंग, कॉल, व्हिडिओ) सेवांवर मतं मागवणारा कन्सल्टेशन पेपर काढला, तेव्हाही हीच मागणी जोरात पुढे आली होती. सरकारने ती साफ फेटाळावी असं मला वाटतं.

मी संगमेश्वर तालुक्यात सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, नॉन-क्रीमीलेयर, जूनमध्ये अकरावी-डिप्लोमाचे फॉर्म. नेटचं बिल मी भरतो. माझ्याकडे बसून एखादी मुलगी फॉर्म भरते तेव्हा तो डेटा आम्ही मागवलेला असतो, तो कुणी आमच्यावर लादलेला नसतो. समोरची वेबसाइटही तिच्या टोकाला सर्व्हरचं आणि बँडविड्थचं भाडं भरतेच. दोन्ही टोकांचे पैसे चुकते झाल्यावर मधल्याने तिसऱ्यांदा हात पुढे का करायचा?

मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके आठवतात? ट्रकने रोड टॅक्स भरलेला, वाटेत टोल भरलेला, तरी आत काय माल आहे ते उघडून पाहायचं आणि पुन्हा पैसे घ्यायचे. जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा कुठे ते नाके उठले. आता तोच नाका फायबरवर बसवायचा आहे.

हे आजचं नाही. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने नेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर मागे घेतलं. एप्रिल २०१५ मध्ये एअरटेल झीरो आलं (ॲपवाल्या कंपनीने पैसे भरले की ते ॲप ग्राहकाला फुकट), त्यानंतर फेसबुकचं फ्री बेसिक्स (निवडक वेबसाइट तेवढ्या फुकट). ट्रायकडे तेव्हा दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. त्यातला एक मी रात्री दुकान बंद करून पाठवला होता. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने नियम केला : कोणती वेबसाइट पाहता यावरून डेटाचा दर बदलायचा नाही. मोडला तर दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. जुलै २०१८ मध्ये सरकारने नेट न्यूट्रॅलिटीचं, म्हणजे सगळ्या वेबसाइटना नेटवर सारखी वागणूक देण्याचं, तत्त्वच मान्य केलं आणि पुढे ते परवान्यांच्या अटींत आलं. एवढ्या कष्टाने मिळवलेलं आता मागच्या दाराने जाऊ द्यायचं नाही.

फायबरवाला_सातारा

दादा, तुम्ही ग्राहकाच्या खुर्चीवरून बोलताय. मी खांबावर चढून बोलतो.

माझ्याकडे इंटरनेट पुरवण्याचा सी वर्गाचा परवाना आहे, म्हणजे साधारण जिल्ह्यापुरता. वडिलांचा केबल टीव्हीचा धंदा होता, त्याच वायरींच्या जागी मी फायबर ओढली. मुंबईहून बँडविड्थ विकत घेतो आणि तिचे पैसे गर्दीच्या वेळेच्या हिशोबाने मोजतो. दिवसभर पाइप अर्धा रिकामा असतो. आयपीएलची मॅच शेवटच्या पाच ओव्हरवर आली की सगळा तालुका एकदम येतो. त्या वीस मिनिटांसाठी मला महिनाभर मोठा पाइप भाड्याने ठेवावा लागतो. जाहिरातीचे पैसे मॅच दाखवणारा नेतो आणि चित्र अडकलं की शिव्या मला.

तुम्ही म्हणाल, बड्या कंपन्या आपले कॅश सर्व्हर नेटवाल्याकडे फुकट ठेवतात, म्हणजे तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा मुंबईहून आणावा लागत नाही. खरं आहे. पण ती पेटी मिळायला ठराविक ट्रॅफिक लागतं. माझं तेवढं नाही. ज्याच्याकडे लाखो गिऱ्हाईक आहे त्याला फुकट, आणि माझ्यासारख्याने प्रत्येक जीबी विकत घ्यायचा.

आणि सरकारी नियमनाचं कौतुक मला सांगू नका. परवाना फी, त्याचे हिशोब, ग्राहकाची कागदपत्रं. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, आदेश काढला की १८० दिवसांचे लॉग (सिस्टिमच्या नोंदी) जपा. मोठ्या कंपनीत त्याला वेगळा विभाग असतो. माझ्याकडे तो विभाग म्हणजे माझी बायको, तीही रात्री स्वयंपाक आटोपल्यावर बसते. नियम जितके वाढतील तितके माझ्यासारखे मिटतील आणि राहतील फक्त तीन-चार. मग तुम्ही कुणाकडे तक्रार करणार?

बावनदी

शेवटचं वाक्य पटलं. पण एक खरं सांगा : उद्या हा ‘वाटा’ सुरू झालाच, तर त्यातला एक रुपया तरी तुमच्या वाट्याला येईल का? मागणी करणाऱ्या संघटनेत तुम्ही आहात का?

फायबरवाला_सातारा

नाही, संघटनेत नाही. रुपया येईल याची खात्रीही नाही. पण ज्याच्यामुळे गर्दी होते त्याने काहीतरी द्यावं हे तत्त्व मला चूक वाटत नाही. लग्नाची वरात ज्याची, मांडवाचा खर्च त्याचा.

पौड_रोड

मी नेटवर्क प्लॅनिंगमध्ये बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. बावनदी यांच्या मांडणीत एक गफलत आहे, ती आधी दाखवतो. २०१६ चा नियम कंपनी आणि ग्राहक यांच्यातल्या दराबद्दल आहे. नेटवर्क कंपनी आणि कंटेंट कंपनी यांच्यातल्या व्यवहाराबद्दल तो काही बोलत नाही. तेव्हा ‘तोच नियम मोडला जातोय’ असं म्हणता येणार नाही.

दुसरं, खर्चाकडे बघा. २०२२ च्या एका स्पेक्ट्रम लिलावात सरकारने दीड लाख कोटींहून जास्त रुपये मिळवले. सरकारची फी कंपनीच्या कोणत्या उत्पन्नावर मोजायची याबद्दलच्या, ऑक्टोबर २०१९ च्या एजीआर निकालाने कंपन्यांवर जुनी थकबाकी कोसळली. टॉवर, वीज, डिझेल, खोदाईच्या परवानग्या हे त्यावर. हा पैसा कुठूनतरी यायला हवा. कंटेंट कंपन्यांकडून आला नाही तर तो रिचार्जमधूनच येणार.

तिसरं जरा कटू आहे. फ्री बेसिक्स थांबवून गरिबाला नेट मिळालं असं आपण अभिमानाने सांगतो. गरिबाला नेट मिळालं ते ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ बाजारात उतरली आणि डेटाचे भाव कोसळले म्हणून. व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, पण खाजगी कंपन्यांना १९९८ मध्ये परवानगी मिळेपर्यंत ते मूठभरांचंच होतं. दोन्ही वेळा दार उघडलं ते सरकार बाजूला सरकल्यावर. नियमनाने एक मीटर केबल टाकली गेलेली मी तरी पाहिली नाही.

अंबानगरी

पौड रोड काका, २०१६ नंतरचं अर्धं तुम्ही सांगितलंत. स्पर्धा आली, भाव पडले, आणि मग स्पर्धकच संपले. आज खाजगी कंपन्या तीन उरल्या. जुलै २०२४ मध्ये तिघींनी एकाच आठवड्यात दर वाढवले, साधारण १० ते २५ टक्क्यांनी. दर ठरवणं ट्रायने कंपन्यांवरच सोडलेलं आहे, त्यामुळे कुणी विचारलंही नाही. आमच्या घरी चार मोबाइल आहेत. सासूबाई फक्त फोन उचलतात, तरी त्यांच्या रिचार्जमध्ये रोजचा डेटा बळजबरीने असायचा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम केला की फक्त कॉल-एसएमएसचे पॅकही ठेवलेच पाहिजेत, तेव्हा कंपन्यांनी ते आणले. नियम नसता तर आणले असते का?

पण माझा मुद्दा वेगळाच आहे, आणि तो इथे कुणीच काढलेला नाही. तुम्ही सगळे सरकारने कंपन्यांना कसं बांधायचं ते बोलताय. सरकारला कोण बांधणार?

नोव्हेंबर २०२१ मध्ये आमच्या अमरावतीत हिंसाचार झाला आणि इंटरनेट बंद केलं. संचारबंदीत ठरावीक वेळ मिळायची तेव्हा मी दुधाला गेले. पर्समध्ये रोख जवळजवळ नव्हती, कारण वर्षभर सगळं क्यूआर कोडवर चाललं होतं. तो कोड दुकानाच्या काचेवर तसाच चिकटलेला. दुकानदाराने खालच्या खणातून जुनी वही काढली, थुंकी लावून पान उलटलं आणि माझं नाव लिहिलं. त्याने उधार दिलं कारण तो मला ओळखतो. माझ्या मागे एक मुलगा उभा होता, बाहेरगावचा, खोली करून राहणारा. त्याचं नाव वहीत लिहायला दुकानदार तयार नव्हता. शेवटी मी माझ्या नावावर लिहायला सांगितलं.

दंगल थांबवायची होती हे मला समजतं. पण जून २०२३ ला कोल्हापुरातही तेच केलं. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला अनुराधा भसीन खटल्यात सांगितलं होतं की बंदीचा आदेश प्रसिद्ध करा आणि बेमुदत बंदी चालणार नाही. आमच्या वेळी मला तो आदेश वाचायला मिळाला नाही. नेटच बंद, तर कुठे शोधणार? म्हणून ‘सरकारने नियमन करावं’ असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

जर्सी_सिटी

परदेशातून दोन गोष्टी सांगते.

अमेरिकेत २०१५ मध्ये एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार आयोगाने, नेट न्यूट्रॅलिटीचा नियम केला. डिसेंबर २०१७ मध्ये सरकार बदलल्यावर तो काढला. एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा आणला. जानेवारी २०२५ मध्ये अपील कोर्टाने तो रद्द केला : असा अधिकार कायद्याने एफसीसीला नाही. दहा वर्षांत चार कोलांट्या. कारण संसदेने कायदा केलाच नाही, सगळं आयोगावर सोडलं. आणि ‘स्पर्धाच सगळं बघेल’ म्हणणाऱ्यांसाठी : मी राहते त्या इमारतीत वायरचं नेट देणारी कंपनी एकच आहे. बिल वाढलं की मी जाऊ कुठे?

दुसरी गोष्ट दक्षिण कोरियाची. ‘वाजवी वाटा’ प्रत्यक्षात कसा दिसतो ते बघायचं तर तिथे बघा. तिथे डेटा पाठवणाऱ्याच्या बाजूने पैसे मोजायची पद्धत आहे. ट्विच ही लाइव्ह व्हिडिओची कंपनी २७ फेब्रुवारी २०२४ ला कोरियातून बाहेर पडली. बहुतेक देशांपेक्षा तिथे नेटवर्कचा खर्च दहापट आहे असं त्यांनी कारण दिलं. त्याआधी त्यांनी व्हिडिओचा दर्जा खाली आणून पाहिला होता. ॲमेझॉनच्या मालकीची कंपनी जिथे टिकली नाही, तिथे एखादी मराठी शिकवणीची साइट काय टिकेल?

पौड_रोड

कोरियाचं उदाहरण वजनदार आहे, मान्य. पण तो दोष सरकारने पद्धत ठरवून देण्याचा आहे. दोन कंपन्यांनी आपापसात करार करावा, सरकारने ‘द्या’ही म्हणू नये आणि ‘देऊ नका’ही म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं.

बावनदी

काका, २०१६ च्या नियमाबद्दल तुम्ही माझी चूक दाखवलीत ती बरोबर आहे. नियमाचं अक्षर ग्राहकाच्या दराबद्दलच आहे. पण तो कशासाठी केला होता? कोणती वेबसाइट लोकांपर्यंत पोचेल हे मधल्या कंपनीने ठरवू नये म्हणून. ‘आपापसातला करार’ म्हणालात, तर करार न करणाऱ्याचं काय होईल? त्याचा व्हिडिओ संध्याकाळी अडकेल. ग्राहक म्हणेल साइट खराब आहे. रस्ता कुणी अरुंद केला ते त्याला कधीच कळणार नाही.

अंबानगरी ताई, तुमचं वाचून मी बराच वेळ थांबलो. ‘सरकारने नियम करावा’ असं मी शीर्षकात घातलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त कंपनी होती. नियम दोघांनाही बांधणारा हवा. नेट बंद करायचं तर आदेश आधी तहसील कचेरीच्या फळ्यावर कागदावर लागावा, हे मी आता माझ्या म्हणण्यात धरतो.

आता माझ्या दुकानातलं सांगतो. गेल्या जूनमध्ये तीन दिवस नेट नव्हतं. पेटीवर लाल दिवा. बाकावर सहा जणी बसलेल्या, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद, फॉर्मची मुदत दुसऱ्या दिवशी संपणारी. दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइलवर मेसेज आला : आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. मी मान वर करून पाहिलं, दिवा लालच. पुन्हा तक्रार केली की नवा नंबर, आणि चोवीस तास पुन्हा पहिल्यापासून. त्या सहा जणींपैकी दोघी देवरुखला गेल्या, एकीने भावाच्या मोबाइलवरून भरला. बाकीच्यांचं काय झालं मला माहीत नाही, आणि ते मला अजून टोचतं.

स्पर्धा, लिलाव, परवाना, सगळं बरोबर असेल. पण ‘तक्रार निवारण झालं’ हे खोटं कुणीतरी लिहिलं आणि त्याला काही झालं नाही. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार घेत नाही. आधी कंपनीचं तक्रार केंद्र, मग त्याच कंपनीचं अपील. ऑगस्ट २०२४ च्या नियमांत आहे की जिल्ह्यात मोबाइल सेवा चोवीस तासांहून जास्त बंद पडली तर ग्राहकाला सूट किंवा मुदतवाढ द्यायची. चांगलं आहे. पण आमच्या तीन वाड्यांची रेंज गेली म्हणून जिल्हा बंद पडत नाही. नियम करणाऱ्याने वाडी मोजली पाहिजे.

एक रस्ता मात्र आहे, बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगाकडे नेता येतात. मी रत्नागिरीला अर्ज घालणार आहे. नुकसान किती रुपयांचं म्हणून लिहू, तेवढंच कळत नाही.

फायबरवाला_सातारा

दादा, वाट्यावरून आपलं जमणार नाही. लहान नेटवाल्यांना फीमधून आणि कागदांमधून सोडवा, हे तुम्ही अजून मान्य केलेलं नाही, आणि ते मान्य करेपर्यंत मी वाद घालणार.

पण अर्जाचं ऐका, हे माझं रोजचं काम आहे. त्या लाल दिव्याला एलओएस म्हणतात. म्हणजे तुमच्या पेटीपर्यंत फायबरमधून प्रकाशच पोचत नाही. वायर कुठेतरी तुटलीय किंवा दुमडलीय, राउटर बंद-चालू करून काही होणार नाही. तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ असं लिहू नका, त्यावर ते ‘राउटर रीस्टार्ट करा’ म्हणून बंद करतात. ‘एलओएस लाल आहे’ असं लिहा आणि दिव्याचा फोटो काढा. शेजारी भिंतीवरचं घड्याळ आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र दिसू द्या. प्रत्येक बंद झालेल्या तक्रारीच्या मेसेजसोबत तसा एक फोटो जोडा.

बावनदी

घड्याळ दुकानात नाही. उद्या आणतो.