अनुभव धागा : कुणीतरी आधी ‘नाही’ म्हटलं तेव्हा

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १९६१ मध्ये सुरू झालेले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांचे विजेच्या धक्क्यांचे प्रयोग अनेकांना ठाऊक असतील. पलीकडच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की त्याला वाढत्या व्होल्टचा धक्का द्यायचा, असं सहभागी झालेल्यांना सांगितलं होतं. धक्के खोटे होते, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. पलीकडचा माणूस भिंतीवर हात आपटतोय हे ऐकू येऊनही, संशोधक ‘चालू ठेवा’ म्हणतो म्हणून ४० पैकी २६ जण शेवटच्या, ४५० व्होल्टच्या धक्क्यापर्यंत गेले. मला त्याच मालिकेतला दुसरा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. त्यात धक्के देणाऱ्याच्या शेजारी बसवलेले संशोधकाचेच दोघं, आधी ठरल्याप्रमाणे, नकार देऊन मध्येच उठले. मग शेवटपर्यंत गेले ४० पैकी फक्त ४. हुकूम तोच, यंत्र तेच.

असा आधी उठणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? नावं न घेता लिहा.

गृहिणी, ठाणे
सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव आला : घरकामाच्या बायकांनी लिफ्ट वापरायची नाही. ‘सगळ्यांना मान्य ना?’ म्हटल्यावर पुढच्या रांगेतले हात वर गेले, मग त्यांच्याकडे बघत मागचेही. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहिल्या. ‘आमच्या मावशींची साठी उलटलीय. त्यांनी जिने चढायचे आणि आपण लिफ्टने भाजी आणायची? माझा विरोध इतिवृत्तात लिहा, नावासकट.’ एवढंच बोलून बसल्या. मागचा एक हात खाली आला, मग शेजारचा. सभेआधी जिन्यात ‘हे काही बरोबर नाही’ असं कुजबुजणारे आता मोठ्याने बोलू लागले. पुन्हा मतदान झालं, ठराव पडला. विरोध आधीपासूनच होता हो! जो तो स्वतःला एकटा समजत होता.

परिचारिका, सोलापूर
रात्रपाळीत डॉक्टरांनी फोनवरून नेहमीच्या दहापट डोस सांगितला. आम्ही सगळ्या नव्या, गप्प. सीनियर सिस्टरनी आकडा मोठ्याने परत वाचला : ‘सर, एवढाच ना? मग लेखी ऑर्डर लागेल.’ पलीकडे क्षणभर शांतता, मग आकडा बदलला. तेव्हापासून आमच्या वॉर्डात प्रत्येक तोंडी ऑर्डर परत वाचली जाते.

मशीन ऑपरेटर, पिंपरी
थोडं वेगळं सांगतो. प्रेस शॉपमध्ये उत्पादन वाढावं म्हणून मशीनचा सेफ्टी सेन्सर बायपास केला होता. एकाने काम नाकारलं. त्याची बदली पॅकिंगला झाली आणि आम्ही उरलेले आणखीच गप्प झालो. नकाराची किंमत डोळ्यांसमोर दिसली की भीती वाढते. पुढे दुसऱ्या शिफ्टमधल्या एकाने तेच केलं, तेव्हा सुपरवायझर अडला. दोघांना हलवलं तर लाइन कोण चालवणार? सेन्सर परत जोडला गेला. वरच्या प्रयोगातही उठणारे दोघं होते, हे विसरू नका. पहिल्याचं कौतुक सगळे करतात. आमच्याकडे काम झालं ते दुसऱ्यामुळे.