घरच्या घरी, विक्रीसाठी नव्हे, तर हौसेने भुईनळे तयार करणे कायद्यात बसते का?

प्रश्न (कोपरी, ठाणे पूर्व)

नमस्कार. माझे वडील मुरबाड तालुक्यातील आमच्या गावी दिवाळीच्या आधी महिनाभर पडवीत बसून मातीचे भुईनळे भरत असत आणि आळीतल्या चार घरांना ते वाटत असत. त्यांनी त्याचे पैसे कधी घेतले नाहीत. ते आता हयात नाहीत, परंतु त्यांच्या वहीत ही सर्व कृती त्यांच्याच अक्षरात लिहिलेली आहे. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेला माझा पुतण्या ती वही घेऊन बसला आहे, आणि त्याच्या पंधरा वर्षांच्या धाकट्या भावालाही त्याला मदत करायची आहे. विकायचे काहीच नाही आणि दारू फार तर अर्धा किलो लागेल. घरातील वडीलधाऱ्यांच्या मते घरगुती वापरासाठी एवढे चालते. खरोखर चालते का? ठाण्यातील गच्चीऐवजी गावच्या अंगणात केले, तर काही फरक पडतो का?

उत्तर १ (वकील, वाशी)

आपल्या वडिलांच्या हौसेविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो की हे चालत नाही. 1884 च्या स्फोटक अधिनियमातील ‘स्फोटक’ या शब्दाच्या व्याख्येतच बंदुकीची दारू आणि शोभेची दारू यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि परवान्याचे बंधन विक्रीवर जसे आहे तसेच ते तयार करण्याच्या कृतीवरही स्वतंत्रपणे आहे. त्यामुळे ‘आम्ही पैसे घेत नाही’ हा बचाव उपयोगी पडत नाही. विनापरवाना निर्मितीसाठी कलम 9-ब खाली तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. धाकट्याचा प्रश्न तर आणखी सरळ आहे, कारण अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीने स्फोटके तयार करण्यास किंवा जवळ बाळगण्यास कलम 6-अ मनाई करते.

आता परवान्याविषयी. 2008 च्या स्फोटक नियमांनुसार एका वेळी 15 किलोपर्यंत शोभेची दारू तयार करण्याचा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. त्याहून मोठ्या कारखान्यांचे परवाने पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेकडून मिळतात, जिचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. मात्र 15 किलो हा आकडा वाचून हौशी माणसासाठी सवलत आहे असा समज करून घेऊ नये. तो परवाना वस्तीपासून ठरावीक अंतर राखलेल्या, त्याच कामासाठी बांधलेल्या जागेसाठी असतो, राहत्या घरासाठी नव्हे. ठाणे शहरात पोलीस आयुक्तालय असल्यामुळे या कायद्यापुरते जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या जागी पोलीस आयुक्त येतात, तर मुरबाडला ते अधिकार ठाण्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आहेत. गाव आणि शहर यांत फरक आहे तो इतकाच.

उत्तर २ (निवृत्त सुरक्षा अधिकारी, ऐरोली)

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रासायनिक कारखान्यांत मी आयुष्य काढले, म्हणून कायद्याइतकीच वहीची काळजी वाटते. जुन्या वह्यांत ‘पोटॅश’ असे लिहिलेले असते आणि त्याचा अर्थ पुष्कळदा पोटॅशियम क्लोरेट असा होतो. क्लोरेट आणि गंधक एकत्र आले की घासल्यानेसुद्धा ते पेट घेऊ शकते, आणि याच कारणाने केंद्र सरकारने 1992 मध्ये अशा मिश्रणावर बंदी घातली. परवानाधारक कारखान्यालाही फटाक्यांसाठी ते वापरता येत नाही. हिरव्या रंगासाठी बेरियमचे क्षार लिहिले असतील, तर फटाक्यांतील त्यांचा वापर सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये बंद केला आहे. पडवीत वर्षानुवर्षे काही घडले नाही, हे मी मानतो, पण त्यावरून ती कृती सुरक्षित होती असे म्हणता येत नाही. पुतण्याने काही विकत आणले आहे का, ते कृपया आधी विचारावे.

प्रश्नकर्ता

विचारले. सोरा आणि गंधक आणले आहे. दोन्ही पुड्या वेगवेगळ्या आणि बंद आहेत, काहीही मिसळलेले नाही.

उत्तर २ (पुन्हा)

हे ऐकून जीव भांड्यात पडला. दोन्ही पुड्या एकमेकींपासून दूर, कोरड्या जागी ठेवाव्यात, आणि दुकानदार परत घेत असेल तर उद्याच परत कराव्यात. कचऱ्यात किंवा मोरीत टाकू नयेत. पुतण्याच्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा त्या स्वीकारते का, हेही विचारता येईल. मिसळलेले काही सापडलेच, तर त्याला हात न लावता सर्वांनी खोलीबाहेर जाऊन अग्निशमन दलाला 101 वर कळवावे.

उत्तर १ (पुन्हा)

वही जपून ठेवण्यास माझ्या मते काहीच अडचण नाही. पुतण्याला या विषयाची खरी ओढ असेल, तर कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांची सूत्रे नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेत विकसित झाली आहेत. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्या दिशेने रीतसर शिक्षण घेऊन जाता येते.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. दुकानदार पुड्या परत घेण्यास तयार झाला आहे. यंदा कुंभाराकडून रिकामे नळे आणून मुले ते गेरूने रंगवणार आहेत आणि किल्ल्यापाशी मांडणार आहेत. वही माझ्या कपाटात आहे.